मोफत वकील आणि ग्राहक आयोगातील मध्यस्थी : लस टोचताना झालेल्या इजेच्या दाव्याचा आमचा अनुभव

मी पश्चिम विदर्भातील एका खेड्यात गेली अकरा वर्षे अंगणवाडी सेविका म्हणून काम करते. आमच्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळणारा मोफत वकील आणि त्याच वकिलामार्फत जिल्हा ग्राहक आयोगात झालेली मध्यस्थी, या दोन्ही सेवांविषयी मी हे लिहीत आहे. माझ्या धाकट्या मुलीला लस टोचताना झालेल्या इजेच्या भरपाईचा दावा याच मार्गाने सप्टेंबर 2024 मध्ये तडजोडीने मिटला. डॉक्टरांचे नाव, दवाखान्याचे गाव आणि मिळालेली रक्कम जाहीर करायची नाही, असे तडजोडीत ठरले आहे. ती अट मी सही करून मान्य केली असल्यामुळे येथे जिल्ह्याचेही नाव लिहीत नाही. आमच्यासारख्या घरातील बाईला या वाटेने जावे लागले, तर तिला काय मिळते आणि कुठे अडते, हे सांगण्यासाठी त्या नावांची गरजही नाही.

2022 च्या तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत गल्लीतून फिरताना मुलीच्या पोटरीला कुत्र्याचे दात घासले. ती तेव्हा साडेचार वर्षांची होती. रक्त आले नव्हते, पण कातडी खरवडली होती. घरी असलेल्या सासूबाईंनी जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुतली, आणि ते त्यांनी अगदी बरोबर केले. सुटीचा दिवस असल्यामुळे माझ्या यजमानांनी तिला मोटारसायकलवर बसवून तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात नेले. शेजारच्या मेडिकलमधून रेबीजची लस विकत आणायला सांगण्यात आले आणि तेथील कंपाऊंडरने ती मुलीच्या उजव्या कुल्ल्यात टोचली. मुलगी किंचाळली, तेव्हा तिथल्या कोणाला त्यात काही वेगळे वाटले नाही, कारण मुले सुईला रडतातच. संध्याकाळी ती अंगणातून घरात येताना उजव्या पायाची चप्पल पुन्हा पुन्हा गळून पडत होती. मी तिला खाली बसवून पायाची बोटे वर उचलायला सांगितले. डाव्या पायाची उचलली गेली, उजव्याची हललीसुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तिला तपासले आणि केसपेपरवर दोन ओळी लिहिल्या. उजव्या कुल्ल्यावर सुई टोचल्याची ताजी खूण दिसते आणि उजवे पाऊल लुळे आहे, एवढेच त्यात होते. पुढे सगळा दावा उभा राहिला तो या दोन ओळींवर. खासगी दवाखान्याच्या चिठ्ठीवर लसीचे नाव होते, स्नायूत द्यावी असेही होते, पण सुई शरीराच्या कोणत्या जागी दिली याचा उल्लेख नव्हता.

पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाच्या हातापायात अचानक लुळेपणा आला की पोलिओच्या शंकेने त्याची नोंद करावी लागते. मी स्वतः अशा नोंदींसाठी घरोघरी फिरलेली असल्यामुळे हा नियम मला ठाऊक होता, पण तो माझ्या घरात लागू होताना पाहणे फार जड गेले. चौदा दिवसांच्या आत आणि चोवीस तासांच्या अंतराने मुलीच्या शौचाचे दोन नमुने घेऊन ते बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेकडे गेले. पोलिओ नसल्याचा अहवाल आला. साठाव्या दिवशी पुन्हा तपासणी झाली, तेव्हाही पावलात कमजोरी शिल्लक होती. दरम्यान तीन आठवडे उलटल्यावर नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, नसांची तपासणी झाली, कारण नसेला झालेली इजा या तपासणीत नीट दिसायला साधारण तेवढे दिवस जावे लागतात. कुल्ल्यातून पायात उतरणाऱ्या सायटिक नसेला इजा झाल्याचे त्या अहवालात स्पष्ट आले. पोलिओच्या शंकेपोटी तयार झालेले हे सर्व कागद पुढे आमच्या कामी आले. सरकारी, तारखेसह, शिक्क्यासह आणि आम्ही दावा करण्याचा विचारही केला नव्हता तेव्हाचे असल्यामुळे त्यांवर कोणाला शंका घेता आली नाही.

रेबीजची लस कुल्ल्यात देतच नाहीत. लहान मुलांना ती मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात आणि मोठ्यांना दंडात देतात. कुल्ल्यात नस असते हे एक कारण, आणि तिथल्या चरबीत लस पुरेशी लागू पडत नाही हे दुसरे. म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तो डोस मोजलाच नाही आणि शून्य दिवसापासून पुन्हा सुरुवात करून दोन्ही दंडांच्या कातडीत लस दिली. तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मी स्वतः मुलीला घेऊन गेले. लुळा पाय ओढत चालणाऱ्या लेकराला पुन्हा सुईसमोर बसवताना हात थरथरले, पण रेबीज एकदा अंगात भिनला की माणूस वाचत नाही, हे मी इतरांना सांगत आले होते आणि स्वतःच्या मुलीच्या वेळी ते विसरणे मला शक्य नव्हते.

गावात मात्र वेगळीच गोष्ट पसरली. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी सहा बायकांपैकी दोघीच आल्या. एकीने मला दारातच विचारले, “ताई, तुमच्याच पोरीचं असं झालं, मंग आमच्या लेकरायले सुई कायले टोचू?” तिला उत्तर देताना माझ्या लक्षात आले की भरपाई मिळो वा न मिळो, इजा सुईच्या जागेमुळे झाली आणि लसीमुळे झाली नाही, हे कुठेतरी अधिकृत कागदावर लिहून आले पाहिजे. दावा करण्याचे हेही एक कारण होते, आणि वकील शोधताना मी ते पहिल्या वाक्यातच सांगत असे.

पहिले खासगी वकील जे भेटले त्यांनी फी घेणार नाही, पण जी रक्कम मिळेल तिच्यातील चौथा हिस्सा घेईन, असे सांगितले. निकालावर अवलंबून असलेली फी किंवा दाव्याच्या रकमेत वाटा ठरवून घेणे बार कौन्सिलच्या नियमांना मान्य नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हते. ते मला तालुका न्यायालयाच्या आवारात बसणाऱ्या विधी स्वयंसेवक मुलाने सांगितले आणि त्यानेच मोफत वकिलासाठी अर्ज लिहून दिला. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, तसाच तो अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग व्यक्तींनाही आहे. माझे मानधन किती, शेत किती एकर, हे विचारले गेले नाही. आधार कार्ड, मुलीचा जन्मदाखला आणि दवाखान्याचे कागद यांवर अर्ज घेतला गेला. जानेवारी 2023 मध्ये अर्ज केला आणि फेब्रुवारीत पॅनेलवरील वकिलांची नेमणूक झाल्याचे पत्र पोस्टाने आले. इथपर्यंतच्या सेवेला मी पूर्ण गुण देते.

त्यानंतरचे पाच महिने मात्र वाया गेले, आणि हे लिहिणे मला आवश्यक वाटते. नेमलेले वकील एकदा भेटले, कागदांच्या झेरॉक्स ठेवून घेतल्या आणि पुढे प्रत्येक वेळी दुसऱ्या पेशीवर, म्हणजे सुनावणीवर, असल्याचे फोनवर सांगत राहिले. ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि ते दिवस सरत होते. सोयाबीनच्या पेरणीच्या दिवसांत मी तीन वेळा मजुरी आणि अंगणवाडी सांभाळून जिल्ह्याच्या ठिकाणी गेले आणि तीनही वेळा न भेटता परत आले. मोफत मिळालेल्या वकिलाबद्दल तक्रार करणे म्हणजे उपकार विसरणे, असे वाटून मी गप्प बसले होते. प्राधिकरणाच्या सचिवांच्या दालनात जुलैमध्ये अखेर गेले, तेव्हा त्यांनी साधा कागद पुढे करून वकील बदलून मिळण्याचा अर्ज तिथेच लिहून घेतला आणि मोफत वकील हा तुमचा हक्क आहे, त्यात संकोच कसला, असे स्पष्ट सांगितले. नवीन वकील मॅडम ऑगस्टमध्ये मिळाल्या आणि ऑक्टोबर 2023 मध्ये तक्रार दाखल झाली. अर्ज केल्यावर महिनाभरात वकिलांनी कामाला हात लावला नाही, तर माझ्यासारखे पाच महिने थांबू नये. त्या कार्यालयाने स्वतःहून चौकशी करायला हवी होती, ती झाली नाही. ही या सेवेतील मोठी उणीव आहे.

नव्या वकील मॅडमनी पहिल्याच बैठकीत आमच्यापुढे कोणते रस्ते आहेत ते मांडले. अमेरिकेत 1986 च्या कायद्याने, तर ब्रिटनमध्ये 1979 पासून, लसीमुळे इजा झालेल्यांना कोणाचा दोष सिद्ध न करता भरपाई देण्याची सरकारी व्यवस्था आहे. आमच्यासमोर तसा मार्ग नव्हता. कोविडच्या लसीसंबंधीच्या प्रकरणात केंद्र सरकारने नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन भरपाईची जबाबदारी नाकारली होती आणि पीडितांना दिवाणी न्यायालयात जाता येईल असे म्हटले होते. आमचे प्रकरण तर कोविडचेही नव्हते आणि सरकारी लसीचेही नव्हते. खासगी दवाखान्यात पैसे देऊन घेतलेली सेवा असल्यामुळे ते ग्राहक कायद्यात बसत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 मधील व्ही. पी. शांता निकालाप्रमाणे, जिथे सर्वांना सेवा फुकट मिळते तिथे रुग्ण ग्राहक ठरत नाही. म्हणजे हीच चूक सरकारी केंद्रात झाली असती, तर ग्राहक आयोगाचे दार बंद असते आणि सरकारला दोन महिन्यांची नोटीस देऊन दिवाणी दावा लावावा लागला असता. मेडिकलचे बिल आणि दवाखान्याच्या फीची छोटी पावती मी लसीकरण कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली होती. बिलावर लसीचा बॅच क्रमांकही होता. वकील मॅडमनी ते पाकीट हातात घेऊन म्हटले, “ताई, हे नसतं तर आपण बाहेरच उभ्या राहिलो असतो.”

लसीकरणानंतरच्या त्रासाची शासनाकडे जी नोंद होते, तिच्यात कारणांची वर्गवारी ठरलेली आहे. लसीच्या घटकामुळे झालेला त्रास, लसीच्या दर्जातील दोषामुळे झालेला, लस देण्यातील चुकीमुळे झालेला, सुईच्या भीतीमुळे झालेला आणि केवळ योगायोगाने त्याच वेळी उद्भवलेला, अशी ती वर्गवारी आहे. ही पद्धत कोणाला दोषी ठरवण्यासाठी नाही, पण आमच्या तक्रारीची मांडणी करताना ती फार उपयोगी पडली. लस देण्यातील चूक, एवढ्यावरच तक्रार उभी करायची असे मॅडमनी ठरवले आणि लस बनवणाऱ्या कंपनीला त्यात ओढायचेच नाही, असा सल्ला दिला. काही नातेवाइकांचे म्हणणे होते की कंपनीकडे पैसा अधिक असतो, तिलाही पक्षकार करा. मॅडमनी ऐकले नाही आणि मीही ऐकले नाही. जे झाले नाही ते लिहून पैसे मागितले असते, तर गावात पसरलेल्या अफवेवर मीच सही केल्यासारखे झाले असते.

तक्रारीला शुल्क लागले नाही, कारण सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर ग्राहक आयोगात शुल्क शून्य आहे. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, हीदेखील 2019 च्या कायद्याने दिलेली मोठी सोय आहे. विरुद्ध पक्षाला लेखी जबाबासाठी तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा दिवस मिळतात. ते संपत आले तेव्हा जबाब आला. सुई मांडीत दिली होती, असे त्यात लिहिले होते. आरोग्य केंद्राच्या केसपेपरची प्रमाणित प्रत आमच्याकडे होती. दोन पेशींनंतर आयोगाने दोन्ही बाजूंना मध्यस्थीची तयारी आहे का असे विचारले. मॅडमनी मला घाई करू दिली नाही. मध्यस्थी फिसकटली तर खटला आहे तिथून पुढे चालतो आणि त्या खोलीत बोललेले काही पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही, हे नीट समजावून मगच त्यांनी होकार द्यायला सांगितले.

जून ते सप्टेंबर 2024 या काळात तीन बैठका झाल्या. मध्यस्थ म्हणून एक ज्येष्ठ वकील बाई होत्या. डॉक्टर, त्यांचे वकील आणि डॉक्टरांचा व्यवसाय-विमा ज्या कंपनीकडे होता तिचे अधिकारी समोर बसले. मुलीला पायात स्प्लिंट घालून फार वेळ बसवत नाही, म्हणून मध्यस्थ बाईंनी स्वतःची खुर्ची सरकवून तिला भिंतीशी पाय लांब करून बसायला जागा करून दिली. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितले आणि पहिल्या बैठकीत ते फारसे काही बोलले नाहीत. दुसऱ्या बैठकीत विमा अधिकाऱ्यांनी खर्चाचा हिशेब मागितला. मी पिशवीतून एसटीची तिकिटे काढली. गावाहून नागपूरपर्यंतच्या फेऱ्यांची ती तिकिटे महिन्याप्रमाणे वेगळ्या रबरात बांधलेली होती. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासूनच्या गड्ड्यात रकमा लहान दिसत होत्या. अधिकाऱ्यांनी ती एक-एक करून मोजली. फिजिओथेरपी, पावलाला लावायचा स्प्लिंट, पाय वाढेल तसा तो दरवर्षी बदलण्याचा खर्च, मजुरीचे बुडालेले दिवस आणि पुढे शस्त्रक्रिया लागलीच तर तिचा अंदाज, असा तक्ता मॅडमनी आधीच टाइप करून आणला होता. मुलीच्या वेदनेची रक्कम कशी ठरवायची यावर मात्र त्या दिवशी एकमत झाले नाही.

तिसऱ्या बैठकीत रक्कम जुळली आणि तडजोड पुरसिसचा, म्हणजे आयोगात द्यायच्या तडजोडीच्या लेखी निवेदनाचा, मसुदा समोर आला. त्यात “लसीमुळे झालेली कथित इजा” असे शब्द होते. मी सही करायला नकार दिला. रक्कम वाढवून हवी आहे असा सगळ्यांचा समज झाला. मी मध्यस्थ बाईंना सांगितले की मला एक पैसा अधिक नको, पण हे वाक्य बदला. इजा सुई टोचण्याच्या जागेशी संबंधित आहे, असे लिहायला डॉक्टरांच्या वकिलांची तयारी नव्हती, कारण त्यातून दोष कबूल केल्यासारखे होईल असे ते म्हणत. तडजोड दोष मान्य न करता होत आहे, हे कलम आधीपासूनच होते आणि ते आम्ही मान्य केले होते. जवळपास तासभर त्या एका ओळीवर चर्चा चालली. शेवटी मध्यस्थ बाईंनी दोन वाक्ये स्वतः लिहून काढली. “तक्रार लस टोचण्याच्या पद्धतीबाबत आहे. लसीच्या गुणवत्तेबाबत तक्रारदाराची कोणतीही तक्रार नाही व नव्हती.” डॉक्टरांनी ती वाचली आणि त्यांच्या वकिलांना थांबवून लगेच सही केली. बाहेर पडताना ते मुलीजवळ थांबले आणि आता दवाखान्यात सुई मी स्वतः देतो, कंपाऊंडरला देऊ देत नाही, एवढे म्हणाले. त्यांच्याविषयी माझ्या मनात राग होता आणि अजूनही थोडा आहे, तरी त्यांचे हे बोलणे मला खोटे वाटले नाही.

मूल कायद्याच्या भाषेत अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालील, असले की त्याच्या नावाने आईवडिलांना हवी तशी तडजोड करता येत नाही. आयोगाच्या अध्यक्षांनी मला समोर उभे करून रक्कम कशी ठरली, ती पुरेशी वाटते का आणि कोणाचा दबाव आहे का, असे विचारले. त्यानंतरच तडजोडीप्रमाणे आदेश झाला. झालेला खर्च माझ्या खात्यात आणि उरलेली मोठी रक्कम मुलीच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत ती 18 वर्षांची होईपर्यंत मुदत ठेवीत, असे त्यात आहे. तिमाही व्याज तिच्या उपचारासाठी काढता येते, मूळ रक्कम आयोगाच्या परवानगीशिवाय काढता येत नाही. घरच्यांपैकी काहींना ही बांधणी आवडली नाही, कारण कर्ज फेडायचे होते. मला ती योग्य वाटते. पाय तिचा आहे आणि पैसेही तिचेच आहेत.

विरुद्ध पक्षाकडून रक्कम ठरलेल्या सहा आठवड्यांत जमा झाली. वकिलाची फी म्हणून आमच्याकडून कोणी काही घेतले नाही. झेरॉक्स, टायपिंग आणि प्रवास यांचा खर्च मात्र आपला आपणच करावा लागतो, हे आधी धरून चालावे. वकील बदलण्यात गेलेले महिने सोडले, तर या सेवेत मला कुठे अपमान सोसावा लागला नाही, आणि कोर्टकचेरीच्या आवारात आयुष्यात पहिल्यांदा पाऊल ठेवलेल्या बाईसाठी ही गोष्ट लहान नाही. मोफत मिळालेला वकील मन लावून काम करत नाही, असे आमच्याकडे सर्रास म्हटले जाते. आमच्या दुसऱ्या वकील मॅडमनी सायटिक नस म्हणजे काय हे समजून घेण्यासाठी शरीररचनेचे पुस्तक आणून वाचले होते आणि मध्यस्थीच्या बैठकीत कागदावर चित्र काढून दाखवले होते. अशा दाव्याची गरज पडलेल्यांनी 15100 या मोफत क्रमांकावर विचारावे किंवा थेट तालुका न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा समितीत जावे. जाताना पहिल्या दिवसाचा केसपेपर, बिल आणि पावती घेऊन जावे, आणि सुई कोणत्या जागी दिली हे केसपेपरवर त्याच दिवशी लिहून घ्यावे.

तडजोडीतील त्या दोन वाक्यांची प्रत मी अंगणवाडीत ठेवली आहे. वरची नावे आणि खालची रक्कम पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून झाकली आहे, म्हणजे अटही पाळली जाते आणि विचारणाऱ्या बाईला वाचूनही दाखवता येते. दारात मला प्रश्न विचारणारी ती शेजारीण गेल्या लसीकरणाला नातवाला घेऊन आली होती. मुलगी आता दुसरीत आहे. ती पळते, पण उजवे पाऊल अजून जमिनीला घासते आणि जुना स्प्लिंट टाचेला टोचू लागला आहे. नव्याचे माप देण्यासाठी तिला या महिन्यात नागपूरला न्यायचे आहे, आणि त्याचे पैसे मागच्या तिमाहीच्या व्याजातून बाजूला काढून ठेवले आहेत.